गोष्टीची सतरंजी

वार्षिक मूल्यमापनाच्या पेपरांचा गठ्ठा परवा केंद्रशाळेतून आणला. तो स्कूटीवर पायांपाशी ठेवून मी येरमाळ्याहून आमच्या वस्तीकडं निघाले होते. रस्त्यावर ऊन असं पसरलेलं की डोळे बारीक करून गाडी चालवावी लागत होती. दोन्ही अंगाला ज्वारी निघून गेलेली रानं, मधेच कुठं विहिरीजवळ चाऱ्याचा हिरवा तुकडा, आणि बांधावरच्या कडुलिंबांना आलेला मोहर. त्याचा कडवट-गोड वास नाकात शिरला की मला एक चैत्र आठवतो. इतकी वर्षं नोकरी झाली, इतके चैत्र शाळेत काढले, ते सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी कुणाला किती गुण पडले, कुठल्या वर्षी पंखे बंद होते, काही सांगता येणार नाही. तो एक मात्र वेगळा राहिलाय.

तेव्हा आमची शाळा ‘प्रायोगिक’ होती. म्हणजे शाळा जिल्हा परिषदेचीच. तीन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात कडुलिंब. पण सकाळच्या वेळेत मुलं इयत्तेप्रमाणं बसत नसत. ही कल्पना आमचे मुख्याध्यापक गवळी सर यांची. ते म्हणायचे, "चौथीतल्या ज्या पोराला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्या हातात चौथीचं पुस्तक देऊन आपण त्याला रोज अपमानच शिकवतो." म्हणून त्यांनी चार सतरंज्या टाकल्या होत्या. एक अक्षराची, एक शब्दाची, एक वाक्याची आणि खिडकीजवळची गोष्टीची. ज्याचं वाचन जिथवर आलं असेल, त्यानं तिथं बसायचं. दुसरीतली एखादी पोर वाक्यावर असे, पाचवीतला एखादा शब्दावर. सुरुवातीला मोठी मुलं लाजली. मग सवय झाली, आणि नंतर तर एका सतरंजीवरून दुसरीवर जाणं हा शाळेतला सण झाला.

पूर्वा गोष्टीच्या सतरंजीवर गेली तो दिवस मला आठवतो. तिनं आपलं दप्तर उचललं, बसायची जागा ओढणीनं पुसली आणि बसल्यावर सगळ्यांकडं असं पाहिलं, की जणू तिच्या घरी पाहुणे आलेत. तिची आई रमाताई त्या दिवशी योगायोगानं शाळेत होत्या. त्या आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष. गावाच्या वरच्या अंगाला बुद्धविहाराजवळ घर, नवरा कळंबला नोकरीला. पूर्वाला त्यांनी इंग्रजी शाळेतून काढून आमच्याकडं आणलं होतं, आणि हा निर्णय त्यांना रोज कुणापुढं तरी समजावून सांगावा लागे. पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, नात्यातल्या लग्नात. त्यांच्या भरवशावर आणखी काही घरांनी मुलं आमच्याकडं पाठवली होती. त्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी लेकीचं वाचन ऐकलं आणि मला म्हणाल्या, "बाई, आता मला कुनापुढं बोलायची गरज न्हाय. ह्येच बोलंल."

जिल्ह्यानं या प्रयोगाला दोन वर्षांची परवानगी दिली होती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बाहेरची माणसं येऊन एकेका मुलाचं वाचन तपासणार होती. किती मुलांना गोष्ट वाचता येते, हे पाहायचं. तो आकडा पहिल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा वर गेला तर सतरंज्या राहणार, नाहीतर बाकीच्या शाळांसारखी आमचीही मुलं इयत्तेप्रमाणं बाकांवर जाणार.

मोजायला माझा विरोध नव्हता, आजही नाही. वेगळ्या वाटेनं जाणाऱ्या शाळांतली काही मंडळी मूल्यमापन म्हटलं की नाक मुरडतात. मूल म्हणजे काय धान्य आहे का, असं विचारतात. ते ऐकायला बरं वाटतं. पण ज्या मुलीला वाचता येत नाही तिला वाचता येत नाही हे कळलंच नाही, तर तिच्यासाठी आपण काय करणार? आमच्या सतरंज्या म्हणजे रोजचं मोजमापच होतं. फरक इतकाच की ते मुलीला स्वतःला दिसायचं, आणि उद्या जागा बदलता येईल हेही तिला ठाऊक असायचं.

त्या वर्षी आकडा वर जाणार हे आम्हाला फाल्गुनातच दिसत होतं. गोष्टीच्या सतरंजीवर मुलं मावत नव्हती. गवळी सर मधूनच खिडकीपाशी येऊन उभे राहत आणि डोळ्यांनी मुलं मोजून परत जात.

मग कारखान्यांचा पट्टा पडला. आमच्या भागात गाळप हंगाम संपला की असं म्हणतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या चैत्राच्या तोंडावर माघारी येतात. येरमाळ्याच्या येडाई देवीची यात्रा जवळ आलेली असते, ती चुकवायची नसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत पत्रे, कोपीचे म्हणजे तिकडच्या झोपडीचे बांबू, भांडी, कोंबड्या, त्यावर अंथरुणांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर बसलेली मुलं. पाच-सहा महिने कुलूप असलेली घरं उघडतात. गाव पुन्हा भरल्यासारखं होतं. पूर्वी मला ते दिवस फार आवडत.

शीतल अशीच आली. सकाळी मुलं बसत होती, तेवढ्यात ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. उन्हानं रापलेली, केस भुरकट झालेले, उंची मात्र वाढलेली. वय चौथीचं. दिवाळीनंतर आई-वडलांबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली तेव्हा ती गोष्टीच्या सतरंजीवर बसत होती. आल्या-आल्या ती सरळ तिथंच गेली. पूर्वानं सरकून जागा दिली. भावाला मांडीवर घेऊन शीतलनं पुस्तक उघडलं.

पहिली ओळ तिनं बोट ठेवून वाचायला घेतली. दोन शब्द गेले आणि बोट थांबलं. शेजारच्या मुलीनं हळूच शब्द सांगितला. शीतलनं तो म्हटला, पुढं गेली, पुन्हा थांबली. पुन्हा कुणीतरी सांगितला. मग तिनं पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी शब्दांच्या गटाकडं वळले होते. थोड्या वेळानं पाहिलं तर शीतल माझ्यासमोरच, पहिली-दुसरीतल्या पोरांच्यात बसलेली. कुणी उठवलं नव्हतं. ती स्वतःच उठून आली होती.

शाळा सुटल्यावर मी पडवीत कुलूप लावत होते. ती मागं थांबली.

"बाई, मला येत हुतं ना?"

"येत होतं गं."

"खरंच येत हुतं? का मला उगंच वाटतंय?"

मी तिला सांगितलं की येत होतं, मी स्वतः ऐकलंय, आणि परत येईल. तिनं मान हलवली. भावाला कडेवर घेऊन ती गेली. विसरणं आपण सगळेच विसरतो. पण एखादी गोष्ट आपल्याला कधी येत होती की नाही याचीच शंका यावी, हे दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकणं फार जड होतं.

शीतलसारखी आणखी काही मुलं त्या आठवड्यात आली. तपासणी चार-पाच दिवसांवर होती. गवळी सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, ही आलेली मुलं तपासणीला बसली तर काय होईल, तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय सर."

"सहा महिने ती आपल्याकडं नव्हतीच. त्यांना आपण शिकवलेलंच नाही. मग त्यांचा आकडा आपल्या नावावर कसा धरायचा? तपासणीच्या दिवशी ती घरी राहिली तर कुणी विचारणार नाही."

सरांचं बोलणं चूक आहे असं मला म्हणता येईना. ते लबाड माणूस नव्हते. या शाळेसाठी त्यांनी घरच्या जवळची बदली दोनदा नाकारली होती. आणि सतरंज्या गेल्या तर बाकीच्या मुलांचंही नुकसान होतं. मी एवढंच म्हणाले, "मग त्यांच्या घरी आपण स्वतः जाऊन सांगू. मुलांकरवी निरोप नको."

सर म्हणाले, "चला."

ऊन उतरल्यावर आम्ही शीतलच्या घरी गेलो. तिची आई कांताबाई घर झाडत होती. सहा महिन्यांची धूळ, कोपऱ्यात उंदरांनी उकरलेली माती. आम्हाला पाहून तिनं अंगणात बाज टाकली, पाणी दिलं आणि पदर सावरून चौकटीला टेकून उभी राहिली. तिचे हात मी पाहत होते. उसाच्या पाल्यानं कापलेल्या बारीक रेघा कोपरापर्यंत गेलेल्या.

सरांनी नीट समजावून सांगितलं. शाळेत तपासणी आहे, शीतल नुकतीच आलीय, तिला त्रास नको, म्हणून त्या दिवशी घरीच राहू द्या, दुसऱ्या दिवसापासून पाठवा.

"बरं," कांताबाई म्हणाली.

इतक्या लगेच ती हो म्हणेल असं सरांनाही वाटलं नसावं. ते उठायला लागले. तेव्हा तिनं विचारलं, "मग तिची तपासनी कवा?"

"तिची... पुढं करू की."

"न्हाय, इचारलं आपलं." बोलावं की नको असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, "तिकडं कारखान्यावर बी मानसं आली हुती, शाळंतली पोरं मोजाया. आमी पोरांला धुवूनपुसून हुबं केलं. त्येंनी इचारलं, कुठली? म्हनलं, येरमाळ्याकडची. तर म्हनले, मग ही हितली न्हाईत. यादीत धरली न्हाईत. आमी म्हनलं, असू दी, गावाकडं धरत्याल."

तिच्या आवाजात राग नव्हता. झालेलं सांगावं तसं तिनं सांगितलं आणि पुन्हा विचारलं, "च्या टाकू का?"

आम्ही चहा घेतला. बशीत फुंकर मारताना सरांनी एकदाही वर पाहिलं नाही. परतताना हमरस्त्यावरून यात्रेकरूंच्या गाड्या जात होत्या, हलगी वाजत होती, आमच्या अंगावर धूळ येत होती. शाळेच्या वळणावर सर थांबले.

"तपासणीला सगळ्यांना बोलवा," ते म्हणाले. "जे पटावर आहेत ते सगळे बसतील."

हे रमाताईंना कळायला वेळ लागला नाही. सकाळी परिपाठ सुरू व्हायच्या आधीच त्या आल्या.

"सर, तुमी चांगल्यापायी करताय, मला कळतंय. पर आकडा पडला की सतरंज्या जात्याल. मग म्या लोकांला काय सांगू? माझ्या शब्दावर पोरं आलीत हितं."

"खरं झालं ते सांगायचं, ताई."

"खरं सांगून कुनी शाळा ठेवलीय का कुनाची?"

सर म्हणाले, "मी त्या बाईच्या घरी जाऊन आलो. आता मला दुसरं करता येणार नाही." रमाताई निघून गेल्या. फाटकाचा आवाज जरा जास्तच झाला.

तपासणीला जिल्ह्याहून दोघं आली होती. त्यातली एक तरुण बाई कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसली. समोर एक स्टूल, हातात वाचायची कार्डं. मुलं एकेक करून जात होती. पूर्वानं गोष्ट वाचली आणि न विचारता तिचा अर्थही सांगून आली. रमाताईही आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. शीतलचं नाव पुकारलं तेव्हा मात्र त्या उठल्या, शीतलच्या कडेवरचं पोर त्यांनी आपल्याकडं घेतलं आणि त्याला घेऊन पडवीत फेऱ्या मारत राहिल्या.

शीतलनं शब्द नीट वाचले. वाक्याच्या कार्डावर अडखळली. गोष्टीचं कार्ड पुढं आल्यावर तिनं ते हातात घेतलं, वरून खाली पाहिलं आणि परत दिलं.

"हे मला यायचं. आता न्हाय येत."

"कधी यायचं?" त्या बाईनं विचारलं.

"दिवाळीच्या आदी. मग आमी कारखान्यावर गेलो."

बाईनं लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "मला आज येतं तेवढंच धरावं लागेल, मॅडम."

"धरा," मी म्हणाले.

शीतल उठली नाही. तिनं विचारलं, "तुमी परत कवा येनार?"

"पुढच्या वर्षी."

"ह्याच टायमाला?"

"हो, साधारण असंच."

"मग तवा बी आमी नुकतंच आल्यालं असू," शीतल म्हणाली.

तक्रार अशी तिच्या बोलण्यात नव्हती. दोन गोष्टी जुळत नाहीत एवढंच तिच्या लक्षात आलं होतं. गवळी सर झाडाच्या पलीकडं उभे होते, त्यांनी ते ऐकलं. चष्मा काढून ते बराच वेळ शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

जून उजाडला आणि कळलं. आकडा किंचित खाली आला होता. परवानगी पुढं वाढली नाही. आम्ही सतरंज्या झटकून, घड्या घालून कपाटावर ठेवल्या आणि इयत्तेप्रमाणं बाक लावले. दोन-तीन घरांनी मुलं काढून नेली. रमाताईंनी पूर्वाला काढलं नाही. का नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात मला सरांचा रागही यायचा. वाटायचं, एक दिवस ती मुलं घरी राहिली असती तर काय बिघडलं असतं? आज सतरंज्या असत्या. मग कांताबाईचं ते ‘गावाकडं धरत्याल’ आठवायचं आणि राग जिरायचा. पुन्हा काही दिवसांनी यायचा. अजूनही या दोन्ही गोष्टींचा माझ्या मनात पुरता मेळ बसलेला नाही.

सरांनी मात्र त्या पडलेल्या आकड्याचं वेगळंच केलं. आमच्या रोजच्या सतरंज्यांमुळं दिवाळीआधी कोण कुठं बसत होतं हे आमच्याजवळ होतं. ते त्यांनी चैत्रातल्या तपासणीशेजारी मांडलं. गावात राहिलेल्या मुलांचं वाचन वर गेलेलं, ऊसतोडीला गेलेल्यांचं खाली आलेलं. हे घेऊन ते धाराशिवला जायला लागले. एका साहेबांकडून दुसऱ्याकडं. सोमवारी गेले की बुधवारी या, बुधवारी गेले की साहेब दौऱ्यावर. ते फक्त एवढंच मागत होते, की दिवाळीनंतर आमच्याच शाळेत हंगामी वसतिगृह द्या. पोरं आजी-आजोबांकडं, चुलत्यांकडं झोपतील, सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास शाळेत. "वर गेलेला आकडा घेऊन गेलो असतो तर मला कुणी बसा म्हटलं असतं, पण काही दिलं नसतं," असं ते मला नंतर एकदा म्हणाले.

वसतिगृह मिळालं. मिळालं म्हणजे दिवाळी होऊन टोळ्या निघायच्या अगदी तोंडावर मिळालं. पण मंजुरीनं काम झालं नव्हतं. मूल मागं ठेवायला आईचं मन तयार व्हावं लागतं, आणि ते गवळी सरांच्या हातात नव्हतं. ते रमाताईंनी केलं. सांजच्याला त्या घरोघर जाऊन बसल्या. कांताबाईच्या घरी त्यांच्यासोबत मीही होते.

"पोरगी तिकडं धाकट्याला सांभाळती," कांताबाई म्हणाली. "ती न्हाय आली तर म्या तोडाया कशी जाऊ?"

"धाकट्याला बी ठेव," रमाताई म्हणाल्या. "दिसभर माझ्याकडं राहील. माझी पूर्वा काय एकटीच हाय."

कांताबाई लगेच हो म्हणाली नाही. दोन दिवस घेतले. ट्रॉली निघाली त्या सकाळी मुलं रस्त्यावर उभी होती, शीतलही. आई दिसेनाशी होईपर्यंत ती रडली नाही. शाळेत आल्यावर रडली. तो हंगाम सोपा गेला नाही. कधी धान्य वेळेवर यायचं नाही, कधी मुलांना ताप यायचा, आणि संध्याकाळी ताटं मांडली की एखादं पोर हमखास रस्त्याकडं तोंड करून बसायचं. मुलांना आईपासून तोडून आपण वाचन वाढवतोय का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. त्याचं उत्तर कुठल्या कार्डावर मिळणारं नव्हतं.

आता शीतल कळंबला कॉलेजात जाते. गवळी सर निवृत्त झाले. निकाल मोबाइलवर भरावे लागतात, भरले की शाळेच्या नावापुढं रंग दिसतो. हिरवा दिसला की मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण भरताना प्रत्येक नावाशी मी थोडी थांबते. हे मूल आज कुठं आहे यापेक्षा कुठून आलंय, हे आठवून बघते.

वसतिगृहाच्या त्या पहिल्या वर्षीचा पट्टा पडला तेव्हाची दुपार सांगते. शाळा सुटत आली होती. कांताबाई ट्रॉलीतून उतरून घरी न जाता सरळ शाळेत आली. अंगावर प्रवासाची धूळ तशीच. धाकटा पोरगा पळत येऊन तिच्या साडीला बिलगला. त्याला तिनं एका हातानं जवळ धरलं आणि मला म्हणाली, "बाई, हिला माझ्यासमोर वाचू द्या."

शीतल उभी राहिली. पुस्तक उघडून तिनं वाचायला घेतलं आणि अशी सुटली, की कुठं थांबणं नाही, श्वास घेणं नाही. जोडाक्षरं, स्वल्पविराम सगळं मागं टाकत चालली होती. आईला दाखवायचं होतं ना. कांताबाई पुस्तकाकडं बघतच नव्हती, लेकीच्या तोंडाकडं बघत होती. पान संपत आलं तेव्हा ती उंबऱ्यावर टेकली, पोराला मांडीत घेतलं आणि म्हणाली, "थांब गं. एवढी पळू नको. गोष्ट काय हाय, मला बी कळू दी."

शीतल थांबली. तिनं आईकडं पाहिलं, पान मागं उलटलं आणि गोष्ट पहिल्यापासून हळूहळू सांगावी तशी वाचायला लागली.